कुलपावर राहिलेले आकडे

शून्य

पाकीट जागेवर होते. आत मात्र काही नव्हते.

मधुवंती मॅडमनी ते उलटे करून झटकले, आत बोटे घालून चाचपले, मग खिडकीशी नेऊन उजेडात धरले. वरची लाखेची मोहर जशीच्या तशी होती. खालची कड कोणीतरी अलगद सोडवून पुन्हा डिंकाने बसवली होती. डिंकाचा एक चकचकीत ओघळ तेवढा पुसायचा राहून गेला होता.

"पेनड्राइव्ह नाही," त्या म्हणाल्या.

नेरच्या कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, खताच्या दुकानाच्या माडीवर हे संगणक केंद्र होते. हंगाम चालू असल्यामुळे खिडकीच्या जाळीला गाड्यांवरून उडालेल्या कापसाची पांढरी झुलपे लटकलेली. उद्या, शनिवारी, प्रोग्रॅमिंगची प्रमाणपत्र परीक्षा होती. तिच्या प्रश्नपत्रिकेचा पेनड्राइव्ह काल संध्याकाळी परीक्षा मंडळाकडून मोहरबंद आला होता. तो केंद्राच्या मालकाकडे द्यायचा नाही, शिकवणाऱ्याकडेच द्यायचा, असा मंडळाचा नियम. मॅडमनी तो सही करून घेतला आणि वर्गातल्या हिरव्या लाकडी कपाटात ठेवला. कपाटाला चार फिरत्या आकड्यांचे कुलूप होते. आज सकाळी ते वर्गातल्या प्रेरणाने सगळ्यांच्या देखत उघडले, तेव्हा ते शाबूत होते.

"कुलूप तोडलेलं नाही," चारुदत्त म्हणाला. केंद्राचा मालक तोच. पन्नाशीचा, धिप्पाड, खिशाला पेनाच्या जागी नेहमी वीज तपासायचा टेस्टर अडकवलेला. "म्हणजे उघडलं. म्हणजे ज्याला आकडा माहीत होता त्यानंच उघडलं. मॅडम, काल आकडा कोणाला माहीत होता?"

मॅडमची नजर नकळत प्रेरणाकडे गेली, आणि तेवढे पुरले.

एक

शून्य नंबरच्या खुर्चीवर बसलेल्या श्रीकृष्णरावांना हे सगळे दिसत होते, पण मध्ये बोलण्याची त्यांची छाती नव्हती. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. निवृत्तीनंतर ते घरी बसून रहस्यकथा वाचत आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घेत. शेवटी पत्नी सुनीतीबाई वैतागल्या. "घरातल्या पुस्तकांची यादी कंप्युटरवर करायची म्हणता, आणि करत काहीच नाही. शिका तरी एकदाचे." तेव्हापासून ते नातवंडांच्या वयाच्या मुलांत बसून प्रोग्रॅमिंग शिकत होते आणि रोज हात टेकून घरी जात होते.

त्यांचे घोडे अडले होते ते पहिल्याच पायरीवर. मजकुराच्या ओळीतून एखादे अक्षर काढायचे असेल तर ओळीच्या नावापुढे चौकटी कंसात त्याचा क्रमांक लिहायचा. एवढेच. पण कंप्युटर पहिल्या अक्षराला शून्य म्हणतो, दुसऱ्याला एक. पहिल्या दिवशी त्यांनी स्वतःचे नाव टाइप केले, पहिले अक्षर मागायला कंसात एक लिहिला, आणि पडद्यावर 'श्री' नाही की 'श' नाही, हलंताचा नुसता लंगडा पाय उमटला. पोरे खो खो हसली. आयुष्यभर पुस्तके एकापासून मोजलेल्या माणसाला शून्यावे पुस्तक कुठे ठेवायचे तेच कळेना.

ही मोजणी अंगवळणी पडावी म्हणून मॅडमनी वर्गाला काही सवयी लावल्या होत्या. खुर्च्यांच्या पाठींवर शून्यापासून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. जो एकापासून मोजेल त्याने फळा पुसायचा. आणि रोज संध्याकाळी फळ्यावर आकड्यांची एक ओळ यायची, अवतरणचिन्हांत, म्हणजे कंप्युटरच्या लेखी मजकूरच. तिच्याखाली चार कंस. त्या चार कंसांतून जे चार आकडे निघतील तोच कुलपाचा नवा आकडा. मॅडमच्या कानात जो आधी बरोबर सांगेल त्याने दुसऱ्या दिवशी कुलूप उघडून सगळ्यांना माऊस आणि हेडफोन वाटायचे. उघडण्याआधी बंद कुलूप हातात धरून त्याचा फोटो निघायचा आणि वर्गाच्या ग्रुपवर पडायचा. कपाटात माऊसच असत, त्यामुळे या खेळात कोणाला धोका दिसला नव्हता. काल पाकीट आले तेव्हा मॅडमचा हात सवयीने त्याच कपाटाकडे गेला.

कालची ओळ फळ्यावर अजून होती.

"६२९४७१८३"

खाली [२] [५] [३] [-१].

वजा एक म्हणजे शेवटून पहिला. ही एक गोष्ट मात्र श्रीकृष्णरावांना चटकन समजली होती. रहस्यकथेचे शेवटचे पान आधी उघडायचा मोह ज्याने जन्मभर आवरला, त्याला उलटीकडून मोजणे परके वाटले नाही. काल मॅडमच्या कानाशी पहिले तेच गेले होते. मॅडमनी हसून नकारार्थी मान हलवली. त्यांच्यामागून प्रेरणा गेली, आणि खेळ संपला.

"काल क्लास सुटल्यावर कोण थांबलं होतं?" चारुदत्तने विचारले.

प्रेरणा चार नंबरच्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. "मी. प्रॅक्टिस करून राह्यलती. तुम्ही बाहेरच्या टेबलावर होते ना सर."

"बाहेर होतो. आत काय चाललंय ते मला कसं दिसणार? तू त्या पाचव्या खुर्चीवर, कपाटाला खेटून. शटर मी स्वतः ओढलं, सकाळी मी स्वतः उघडलं. मग पेनड्राइव्हला पाय फुटले का?"

"मी काहून घेऊ सर? मले येते सगळं."

"येतं म्हणूनच तर कुलूप उघडलं."

चारुदत्तने घड्याळाकडे पाहिले. "बारा वाजेपर्यंत पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर आला तर मी सगळं विसरतो. नाहीतर मंडळाला हिचं नाव कळवतो. मग उद्याची परीक्षा नाही आणि पुढचीही नाही. तुझ्या वडिलांना फोन केलाय. येताहेत."

प्रेरणाला यवतमाळच्या एका गोदामात कंप्युटरवरची नोकरी ठरली होती. महिनाअखेर प्रमाणपत्र दाखवायचे आणि रुजू व्हायचे. एवढा वेळ ताठ उभी असलेली ती पोरगी 'वडिलांना' हा शब्द ऐकताच खुर्चीवर बसली.

दोन

श्रीकृष्णरावांना राग आला होता. तो कोणावर, हे त्यांना नीट कळेना. बहुधा स्वतःवरच. प्रेरणाने त्यांना एकदाही न हसता तीनदा शून्य समजावून सांगितले होते, आणि आता तिच्या बाजूने चार शब्द बोलायची वेळ आली तर ते खुर्चीलाच चिकटून बसले होते.

ते जिना उतरून खाली गेले. नयन चहाच्या टपरीवर उभा होता. वर्गात सगळ्यात जास्त वेळा फळा पुसलेला हाच.

"नयन, तुला काय वाटतं?" त्यांनी चाचरत विचारले.

"मले वाटते सर उगाच तिच्या मागं लागले. फळ्याचा फोटो त सगळ्याइजवळ हाय काका. आकडा मीनं घरी गेल्यावर काढला. नऊ, एक, चार, तीन. सकाळी तिनं थेच फिरवलं. म्हंजे चोर मीबी होऊ शकतो."

"मग तू हे वर का नाही बोललास?"

"बोललो असतो त सर म्हनले असते, बरं, मग तू." नयनने चहाचा घोट घेतला. "आन् पेपर चोरून मले उपेग काय? उत्तरं कोन सांगन? उत्तरं इचाराले मले प्रेरणाकडंच जा लागन."

श्रीकृष्णरावांना क्षणभर हायसे वाटले. आकडा कोणालाही काढता येत होता. मग लगेच मन खचले. कोणालाही येत होता, म्हणजे कोणाबद्दलच काही सिद्ध होत नव्हते. पुस्तकातले संशयित कसे एकेक करून गळत जातात. इथे वाढतच होते.

वर मंदार कोपऱ्यातल्या बंद पडद्यासमोर बसून होता. हा चारुदत्तचा मुलगा. याच परीक्षेत दोनदा नापास झालेला.

"या काका. मला विचारायलाच आलात ना," तो म्हणाला. "सगळ्यात जास्त गरज मलाच आहे पेपरची. तुम्ही नाही बोललात तरी सगळ्यांच्या मनात तेच आहे."

"मी तसं नाही…"

"कालचं कोडं मी सोडवलं होतं. खरंच. कानात सांगायला उठलो तर प्रेरणा आधी पोचली."

"घरी सांगितलंस? बाबांना?"

मंदार हसला, पण ते हसू काही बरे नव्हते. "बाबा मला काही विचारत नाहीत. एकच विचारतात. या वेळी तरी पास होशील ना. अभ्यास काय आहे, हे त्यांनी कधी उघडूनसुद्धा पाहिलं नाही."

राहता राहिला चारुदत्त. त्याला काय विचारणार? कपाट त्याचे, केंद्र त्याचे. स्वतःच्या घरी कोणी चोरी करतो का? तरी श्रीकृष्णराव त्याच्या टेबलापर्यंत गेले, आणि गेल्यावर काय बोलायचे तेच विसरले. मागच्या भिंतीवर केंद्राच्या गौरवपत्रांच्या चौकटी ओळीने टांगलेल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत ते काहीतरी बोलायचे म्हणून बोलले, "कालचं ते फळ्यावरचं… आम्हाला मेलं जमतच नाही."

"त्यात न जमण्यासारखं काय आहे काका?" चारुदत्त करवादला. "वर आकडे दिलेत, खाली कितवा कितवा ते दिलंय. दोन, पाच, तीन, आणि डॅश टाकून एक. मोजायचं आणि फिरवायचं. तुम्ही लोक उगाच बाऊ करता."

श्रीकृष्णरावांनी ओशाळून मान डोलावली. त्यात काहीतरी खटकले, पण खटकणे हा त्यांचा स्वभावच होता. जेवणात मीठ बरोबर असले तरी त्यांना काहीतरी खटके.

खाली मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. जिन्यावर जड पावले वाजू लागली.

तीन

किसनराव दारातच थांबले. अंगावरच्या सदऱ्याला कापसाचे धागे चिकटलेले, वेचणी अर्धी सोडून आलेले. त्यांनी चारुदत्तकडे पाहिले नाही. मुलीकडे पाहिले.

"चाल पोरी घरी."

"बाबा, मीनं नाही घेतला."

"मले ठाऊक हाय. म्हनूनच म्हनतो चाल. जिथं चोर म्हनते तिथं बसाचं कायले?"

"आत्ता गेली त जनमभर चोर राहीन." प्रेरणा उठली नाही. "नोकरी गेली त गेली. पन ह्या खुर्चीवरून मी चोर बनून नाही उठत."

किसनराव तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "मंग मीबी बसतो," ते म्हणाले.

बाराला थोडाच वेळ उरला होता. श्रीकृष्णरावांनी उगाच काहीतरी करायचे म्हणून मोबाइल काढला आणि वर्गाचा ग्रुप उघडला. सकाळचा फोटो वर होता. प्रेरणा कुलूप हातात धरून हसत होती. त्यांना तो मोठा करून पाहायचा होता. बोट लावले तर फोटो नाहीसा झाला. पुन्हा लावले तर त्याखाली अंगठा उमटला आणि सगळ्यांचे मोबाइल एकदम वाजले.

"काका, लाईक कराची वेळ हाय का हे?" नयन वैतागून म्हणाला.

"मला मोठं करायचंय रे. हे कुलूप."

नयनने दोन बोटांनी फोटो ताणून दिला. कुलपावरचे आकडे पडदाभर झाले. दोन, सात, नऊ, सहा.

श्रीकृष्णरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "रात्री कुलूप लावल्यावर तुम्ही आकडे कशावर ठेवता?"

"शून्यावर. चारही. माझी सवय आहे, तुम्हाला माहीत आहे."

"कालही?"

"कालही. ठेवलेले मला पक्के आठवतात."

"सकाळी शून्य नव्हते खरे," प्रेरणा म्हणाली. "फोटोच्या नादात मीनं ध्यान नाही देलं."

श्रीकृष्णरावांना त्या आकड्यांत काहीतरी ओळखीचे दिसत होते. दोन, सात, नऊ. काल मॅडमच्या कानात त्यांनी जे सांगितले त्याची सुरुवात हीच होती. एकापासून मोजले की फळ्यावरच्या ओळीतला दुसरा आकडा दोन, पाचवा सात, तिसरा नऊ. वर्गातली पोरे ही चूक करीनाशी झाली होती. करणारा एकच उरला होता, आणि तो शून्य नंबरच्या खुर्चीवर बसला होता.

कुलपावर त्यांचीच चूक उभी होती.

त्यांना वाटले, मोबाइल खिशात ठेवावा आणि घरी जावे. या वयात चोर म्हणवून घ्यायचे, तेही पोराटोरांसमोर. सुनीतीबाईंना काय सांगणार? मग त्यांची नजर किसनरावांवर गेली. ते हात गुडघ्यांवर ठेवून, आपल्याला काही न कळणाऱ्या त्या पडद्यांसमोर निमूट बसले होते.

श्रीकृष्णरावांनी फोटोकडे पुन्हा पाहिले, या वेळी शेवटून. आणि उठून फळ्याकडे गेले.

चार

"मला थोडं बोलायचंय," ते म्हणाले. कोणाला ऐकू गेले नाही. त्यांनी खडू फळ्यावर आपटला, तो तुटला, आणि सगळे वळले.

"काका, बारा वाजताहेत," चारुदत्त म्हणाला.

"म्हणूनच." त्यांनी फळ्यावर लिहिले, २७९६. नऊ वाकडा आला. "सकाळी कुलूप उघडायच्या आधी त्यावर हे आकडे होते. फोटो सगळ्यांकडे आहे, बघा. मॅडमनी शून्य ठेवले होते. म्हणजे मधल्या वेळात कोणीतरी फिरवले."

"प्रेरणानं उघडलं आणि नंतर विस्कटले. त्यात काय?"

"विस्कटले असते तर कसेही पडले असते हो. हे कसेही पडलेले नाहीत. दुसरा, पाचवा, तिसरा. एकापासून मोजून बरोबर जुळतात. हे कुलूप उघडल्यानंतरचे आकडे नाहीत, चारुदत्तराव. हे कुलूप उघडलं नाही, तेव्हाचे आहेत. कोणीतरी फळा पाहून मोजलं, फिरवलं, आणि कुलूप काही उघडेना. प्रेरणाला बरोबर आकडा येत होता. तिला हे फिरवायची गरजच नव्हती."

मॅडम जागेवरून उठल्या. चारुदत्तने त्यांच्याकडे पाहिले आणि मग मोठ्याने हसला. "म्हणजे तुम्हीच की काका. एकापासून मोजणारे इथे तुम्हीच एकटे."

"हो," श्रीकृष्णराव म्हणाले. "मलाही आधी तेच वाटलं." "मॅडम, काल मी तुमच्या कानात काय सांगितलं होतं?"

"दोन, सात, नऊ, तीन."

"तीन. शेवटचा तीन. कारण वजा एक म्हणजे शेवटून पहिला. मला शून्य येत नाही, पण वजा एक येतो. या वर्गात सगळ्यांना येतो. नयनलासुद्धा."

"सुद्धा म्हंजे काय काका," नयन म्हणाला.

"कुलपावर शेवटी तीन नाही, सहा आहे. सहा हा ओळीतला पहिला आकडा. ज्यानं कुलूप फिरवलं त्याला ती वजाची खूण आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याला तो…" ते अडखळले. एवढे पुढे येऊनही हा शब्द त्यांच्या तोंडून निघेना. "त्याला तो डॅश वाटला."

खाली रस्त्यावर कापसाच्या गाडीने हॉर्न दिला.

"म्हणजे फळ्यावरचे आकडे हाच कुलपाचा आकडा, हे ज्याला माहीत आहे असा माणूस. पण वर्गात कधी न बसलेला. चार नंबरच्या खुर्चीला पाचवी म्हणणारा."

चारुदत्त उसळला. "आणि कुलूप उघडलं नाही तर कपाट काय मंत्रानं उघडलं?"

मॅडम आधीच कपाटाशी वाकल्या होत्या. "हे कपाट दिवाळीत रंगवलंय," त्या म्हणाल्या. "सगळ्या स्क्रूंच्या खाचांत रंग बसलाय. कोयंड्याचे हे दोन सोडून. यांच्या खाचा चमकताहेत." त्यांनी नखाने रंगाचा एक हिरवा पापुद्रा उचलला. "कुलूप न उघडता अख्खा कोयंडाच काढला कोणीतरी. आणि परत बसवला."

टेस्टरचे नाव कोणी काढले नाही. पण प्रत्येक नजर त्या खिशावर जाऊन थांबली, आणि चारुदत्तचा हातही, आपोआप.

पहिला बोलला मंदार. तो कोपऱ्यातून उठून बापासमोर आला होता.

"बाबा, ड्रॉवर उघडा."

"तू गप बस."

"उघडा ना."

चारुदत्त उभाच राहिला. मग बाहेरच्या टेबलाचा ड्रॉवर त्याने स्वतःच उघडला. कोऱ्या प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याखालून पेनड्राइव्ह निघाला.

"परत ठेवणार होतो," तो म्हणाला, मॅडमना नाही, मंदारला. "सकाळी लवकर येऊन. मॅडम आज नेमक्या आधीच्या बसनं आल्या. पाकीट तेवढं रात्रीच चिकटवून आत ठेवलं होतं, कोणी पाहिलं तर दिसावं म्हणून. आणि त्यात उघडलंही काही नाही. पासवर्ड मागतोय मेला." त्याने पेनड्राइव्ह टेबलावर टाकला. "तिसऱ्यांदा नापास झाला असतास तर लोक काय म्हणाले असते? केंद्र माझं, आणि पोरगा…"

"मला विचारलं असतं तर कुलपाचा आकडा बरोबर सांगितला असता मी," मंदार म्हणाला. "तेवढं येतं मला. पण तुम्ही मला विचारलं नाही, बाबा."

किसनराव उठले. चारुदत्तसमोर जाऊन थांबले. मारतात की काय असे श्रीकृष्णरावांना वाटले.

"तुमच्या पोरासाठी माही पोरगी," किसनराव म्हणाले. एवढेच. मग मुलीकडे वळून त्यांनी विचारले, "उद्याची परीक्षा होते का नाई हे मॅडमले इचारून घे. मी खाली हाओ."

वजा एक

परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली नाही. मॅडमनी मंडळाला सगळे कळवले, मोहरबंद पाकीट खेळातल्या कुलपाखाली ठेवल्याची स्वतःची चूकही. नेरच्या केंद्राकडून परीक्षा काढून घेतली गेली आणि पुढच्या रविवारी नवा पेपर देऊन यवतमाळला घेण्यात आली.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये श्रीकृष्णराव, प्रेरणा, नयन आणि मंदार मागच्या बाकावर दाटीने बसले होते. मंदार खिडकीबाहेर बघत होता. पेपर कसा गेला हे त्याला कोणी विचारले नाही, म्हणून त्याने आपणहून सांगितले. "गेला बरा. खरंच."

"माहा शंभर टक्के," प्रेरणा म्हणाली. महिनाअखेरपासून याच बसने रोज यायचे होते, म्हणून ती आतापासूनच थांबे पाठ करत होती. "काका, तुमचा?"

श्रीकृष्णरावांच्या चेहऱ्यावर अशी चीड होती की नयनने गंमत करायचे टाळले.

"पहिलाच प्रश्न," ते म्हणाले. "ओळीतलं पहिलं अक्षर छापा. फक्त एवढंच. आणि मी कंसात एक लिहिला. बाहेर आल्यावर आठवलं. आठवडाभर त्या कुलपाचं गावभर कौतुक ऐकलं, आणि शेवटी एक लिहिला. काय करायचं या डोक्याचं?"

"काही नका करू," प्रेरणा म्हणाली. "तुम्हाले शून्य आलं असतं त कुलपावरची चूक कोनं ओळखली असती?"

हे त्यांना पटले नाही, पण बरे वाटले. पुढच्या वेळी मात्र चुकायचे नाही, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले.

कंडक्टर तिकिटे देत देत मागच्या बाकापर्यंत आला. "नेर किती?"

श्रीकृष्णरावांनी एकेकाकडे बोट दाखवत, ओठ हलवत, अगदी काळजीपूर्वक मोजले. शून्य, एक, दोन, तीन.

"तीन," ते ठामपणे म्हणाले.

कंडक्टरने बाकावर नजर टाकली, मग त्यांच्याकडे पाहिले. "आन् चवथा काय टपावर बसून राह्यला का काका?"